वालाचं बी धरायचं तर वेल उभा असतानाच निवडा

घरचं बी धरायचं म्हणजे खळ्यावरच्या ढिगातून पसाभर टपोरे दाणे बाजूला काढायचे, असं बऱ्याच घरांत चालतं. पण ढिगात दाणा दिसतो, वेल दिसत नाही. वेल रोगट होता का, पाऊस उघडल्यावर तगला का, शेवटपर्यंत शेंगा देत राहिला का, हे उभ्या पिकातच कळतं. म्हणून आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बायकांची बैठक असली की मी आधी सगळ्यांना परसात नेते.

दिवस लहान झाले की गावरान वाल फुलतो. तेव्हापासून वेलावर लक्ष ठेवा. पानं चट्टेरी पिवळी किंवा चुरडलेली असतील तर तो वेल भाजीला ठेवा, बियाण्याला नको. जो निरोगी आहे, घोसाने लागलाय, ज्याची शेंग तुमच्या घरात आवडीने खातात, त्याला लाल चिंधी बांधा. एकाच वेलावर थांबू नका, निदान वीस-पंचवीस वेल धरा, म्हणजे जातीतला सगळा गुण पुढे जातो. आणि चिंधीच्या वेलाची शेंग तोडायची नाही, हे सासूबाईंपासून पोरांपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवा. हीच गोष्ट सगळ्यात जास्त चुकते.

शेंग वेलावरच वाळू द्या. हलवून दाणा खुळखुळला की सकाळी तोडा, दुपारच्या उन्हात शेंगा तडकून दाणा मातीत जातो. सावलीत आठवडाभर पसरा आणि हाताने सोला. काठीने बडवू नका, दाण्याला चीर गेली की तो उगवायचा नाही. मग गोणपाटावर कोवळं ऊन द्या. पत्र्यावर नको, सिमेंटच्या अंगणातही नको, तिथे बी भाजतं. दाताखाली धरल्यावर कट्ट वाजून फुटलं तर वाळलं, दबलं तर अजून ऊन हवं. ऊन दिलेलं बी रात्रभर निवू द्यायचं, गरम भरलं तर मडक्यात घाम धरतं.

आता भुंग्याचं. स्वच्छ निवडून ठेवलेल्या वालाला दोन महिन्यांनी भोकं कशी पडतात, असं मला नेहमी विचारतात. भुंगा वावरातच शेंगेवर अंडी घालतो, अळी दाण्यात शिरलेली असते, वरून काही दिसत नाही. त्यावर चुलीची राख. चाळून, पूर्ण थंड आणि कोरडी करून, दाणा बुडेल इतकी घालायची. फटी भरल्या की बाहेर आलेल्या भुंग्याला हलता येत नाही, राखेने त्याचं अंग खरचटतं आणि तो सुकून मरतो. मडक्याचं तोंड फडक्याने बांधून शेणमातीने लिंपा. आत चिठ्ठी टाका: जात कोणती, कुणाच्या घरून आली, साल कोणतं.

दोडका, दुध्या, डांगर यांचं तंत्र वेगळं. शेजारच्या परसातल्या जातीचा पराग मधमाशी आणते आणि पुढच्या वर्षी भलतंच फळ लागतं. मादी फुलाखाली बारकं फळ असतं. असं मादी फूल आणि एक नर फूल उमलण्याआधी दोऱ्याने बांधा, उमलायच्या वेळी नर फूल मादीवर टेकवा, पुन्हा बांधा. डांगर पहाटे उमलतं, दोडका आणि दुध्या संध्याकाळी.

हे सगळं का करायचं? संकरित पाकिटाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही, दरवर्षी दुकानात जावं लागतं. दोन एकरवाल्याला पेरणीआधीच उधारी होते. आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी वाल-घेवड्यांचे कितीतरी वाण घरात जपले आणि वाटले. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कायदाही आपल्या बाजूचा आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, 2001, याच्या कलम 39 प्रमाणे शेतकऱ्याला बी राखता येतं, पेरता येतं, बदलता येतं, विकताही येतं. फक्त संरक्षित, म्हणजे या कायद्याखाली नोंदलेल्या वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. 2019 मध्ये आपल्या नोंदलेल्या वाणाचा बटाटा लावला म्हणून गुजरातच्या शेतकऱ्यांवर पेप्सिको कंपनीने दावे लावले, तेव्हा याच कलमाचा आधार घेत देशभरातून आवाज उठला आणि कंपनीने ते मागे घेतले. हे कलम बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.

मे महिन्यात मडकं उघडा. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठवड्यात ऐंशीच्या वर दाण्यांना मोड आले तर नेहमीसारखं लावा, साठ-सत्तर दाण्यांना आले तर एका आळ्यात जास्त दाणे टाका, त्याहून कमी असेल तर दुसऱ्या घरून बी आणा. त्यासाठीच बी कधी एकाच घरात ठेवायचं नसतं. वरच्या वाडीत एक घर, खालच्या वाडीत एक घर, असं द्या आणि हंगामानंतर दुप्पट परत घ्या. परत आलेलं बी तिथेच दाताखाली फोडून बघा. ओलं निघालं तर दोन उन्हं देऊन मगच आणायला सांगा.