संगीतरचना स्पर्धेत पहिल्यांदा उतरताना

शाळकरी वयोगटाच्या रचना स्पर्धेत मी आधी स्वतः भाग घेतला आणि पुढे काही वर्षं अशाच एका स्पर्धेच्या प्रवेशिका चाळायला बसत होतो. टेबलाच्या त्या बाजूला गेलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते. परीक्षक बऱ्याचदा तुमची रचना ऐकायच्या आधी बघतात. समोर स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे स्वर लिहिलेली प्रत, उघडा असतो, ध्वनिमुद्रण नंतर लागतं, आणि पानं उलटता उलटताच मत बनायला सुरुवात झालेली असते. म्हणून नवख्यांना माझं सांगणं असतं की ‘चाल छान झालीय ना’ ही काळजी जरा बाजूला ठेवा. चाल बहुतेकांची बरी असते. हे हाडामांसाच्या माणसाला वाजवता येईल का, हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी स्वतःला विचारलेला असतो.

याला कारण संगणक. म्यूझस्कोरसारखं फुकट सॉफ्टवेअर हाताशी असताना पाच रेघांवर स्वर मांडणं सोपं झालंय, ते चांगलंच आहे. पण संगणक काय वाट्टेल ते वाजवतो. त्याला दम लागत नाही, त्याची बोटं अडखळत नाहीत. बासरीला सलग सोळा बार (तालाच्या मोजणीचे एकेक खंड) एकही विराम न देता लिहिलेली ओळ तो हसत हसत वाजवेल. खरा बासरीवादक तिसऱ्या-चौथ्या बारला श्वासाची जागा शोधायला लागेल आणि ती मिळाली नाही तर भलत्याच ठिकाणी ओळ तोडेल. आणखी एक गंमत आवाजाच्या जोराची. पाश्चात्त्य बासरीचा सर्वांत खालचा स्वर साधारणपणे मधला सी, म्हणजे पियानोच्या मध्याजवळचा सी, असतो, आणि त्याच्या आसपासचा पट्टा मुळातच मऊ, हवेशीर वाजतो. तिथे तुम्ही बासरीला ‘जोरात’ अशी खूण केलीत आणि वर ट्रम्पेट ठेवलंत, तर संगणकावर दोन्ही ऐकू येतील. प्रत्यक्षात बासरी गायब.

व्हायोलिनचं उदाहरण तर दर वर्षी समोर येतं. चार तारा: जी, डी, ए, ई. जी ही सर्वांत खालची, त्याखाली स्वरच नाही. तिथे चूक झाली तर म्यूझस्कोर तो स्वर लाल करून दाखवतं, त्यामुळे ती सहसा सुटत नाही. खरी फसगत होते ती दोन स्वर एकदम वाजवायला सांगताना. समजा, तुम्ही खालचा ए आणि त्यावरचा सी एकत्र लिहिलेत. कागदावर दोन स्वरांमधलं साधं अंतर, सॉफ्टवेअरची काही तक्रार नाही. पण हे दोन्ही स्वर मोकळ्या, म्हणजे बोट न ठेवता वाजवलेल्या, डी तारेच्या स्वराखाली आहेत, म्हणजे दोन्ही एकट्या जी तारेवरच निघतात, आणि एका तारेवर एका वेळी एकच स्वर वाजतो. परीक्षकांत कोणी व्हायोलिन वाजवणारं असेल तर तिथे पेन्सिलीने एक छोटं प्रश्नचिन्ह उमटतं. अशी दोन-तीन प्रश्नचिन्हं झाली की पुढची पानं जरा संशयानेच वाचली जातात. क्लॅरिनेट, ट्रम्पेटसारख्या वाद्यांत लिहिलेला आणि ऐकू येणारा स्वर वेगळा असतो, तेही एकदा नीट समजून घ्या. बी-फ्लॅट क्लॅरिनेटने सी वाचला की त्याच्या एक पूर्ण स्वर खालचा बी-फ्लॅट ऐकू येतो.

एवढं सगळं पुस्तकातून पाठ करत बसायची गरज नाही. सोपा मार्ग म्हणजे, रचना अर्धी झाली असतानाच ती कोणाकडून तरी वाजवून घ्या. शाळेच्या वाद्यवृंदातला मित्र, वरच्या वर्गातली ताई, क्लासच्या बाई, कोणीही चालेल. अर्धी झाली असतानाच, कारण पूर्ण झाल्यावर बदल करायला मन तयार होत नाही. आणि त्यांना आधी गुणगुणून दाखवू नका! हा मोह फार मोठा असतो. तुम्ही चाल कानात घातलीत की ते कागद वाचणं सोडून तुमची नक्कल करतील. नुसता कागद हातात द्या आणि गप्प बसा. कुठे थांबतात, कुठे कपाळाला आठी पडते, कुठे लय आपोआप मंदावते ते बघा. लय मंदावली तिथे बहुधा बोटांची अडचण असते. तुमच्या मनात हळुवार असलेला भाग त्यांनी रुक्ष वाजवला तर दोष त्यांचा नाही. हळुवारपणाची खूण कागदावर नव्हती. परीक्षकही तोच कागद वाचणार आहेत, शेजारी बसून समजावायला तुम्ही नसणार.

लहान वयातल्या थोर संगीतकारांच्या गोष्टी सांगून पोरांना घाबरवण्याची पद्धत मला पसंत नाही. तरी एक सांगतो. जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोनने तंतुवाद्यांसाठीचं आपलं गाजलेलं अष्टक (आठ वादकांची रचना) 1825 मध्ये, सोळाव्या वर्षी लिहिलं. प्रतिभा होतीच. पण त्याच्या घरी रविवारी मैफली भरायच्या आणि त्याचं नवं लेखन तिथे वाजवलं जायचं, हा भाग सहसा कोणी सांगत नाही. ऐकायची सोय घरातच होती.

आता रचनेच्या पोटातलं. वेळेची मर्यादा तीन-चार मिनिटांची असली की मुलं त्यात चार-पाच सुंदर चाली कोंबतात. प्रत्येक चाल येते, नमस्कार करते आणि निघून जाते. परीक्षकांना हवं असतं ते एकाच छोट्या कल्पनेचं पुढे काय केलंत ते. बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भाग स्कोअर समोर ठेवून ऐका. तीन आखूड, एक लांब, एवढ्या चार स्वरांवर सगळा डोलारा उभा आहे. आणि पहिल्या बारची सुरुवात स्वराने नाही, विरामाने होते. तुमची कल्पना घेऊन ती उलटी करा, लांबवा, खालच्या वाद्याला द्या, तिचा फक्त ठेका ठेवून स्वर बदला. हे सगळं रचनेत यायलाच हवं असं नाही. पण वहीत करून बघितलेलं असलं की रचना कुठे जाऊ शकते ते कळतं.

नियमांबद्दल थोडक्यात, कारण ते दर स्पर्धेचे वेगळे असतात. वयोगट कोणत्या तारखेला मोजतात, कमाल वेळ किती, किती वाद्यं चालतात, संगणकाचं ध्वनिमुद्रण चालतं का, हे लिहायला बसण्याआधी बघा, पाठवायच्या रात्री नव्हे. लहान गटांत काही ठिकाणी स्कोअर सक्तीचा नसतो, ध्वनिमुद्रण आणि चार ओळींचं वर्णन पुरतं. निनावी परीक्षण असेल तर पहिल्या पानावरचं नाव खोडून भागत नाही. पीडीएफच्या माहितीत आणि फाइलच्या नावातही ते शिल्लक राहतं, तिथूनही काढा. तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजवता येणारे आयते ध्वनितुकडे) वापरायची मुभा नसेल तर वापरू नका. कवितेला चाल लावत असाल तर हक्कांचा प्रश्न येतो. भारतात कवीच्या निधनानंतर 60 वर्षं, युरोपात 70 वर्षं कविता मुक्त होत नाही; त्याआधी लेखी परवानगी लागते आणि ती मिळायला वेळ जातो. स्वतःचेच शब्द लिहिलेत तर हा व्याप टळतो.

ध्वनिमुद्रणात निवड असेल तर मी कधीही माणसांनी वाजवलेलं पाठवीन, एखादा स्वर घसरलेला असला तरी. फोनवर केलेलं चालतं, फक्त फोन वाद्याच्या अगदी तोंडाशी धरू नका आणि पंखा बंद ठेवा. मात्र ध्वनिमुद्रण आणि कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. तालमीत शेवट बदललात तर स्कोअरही बदला. लयीचा आकडा, बारचे क्रमांक, जोर-मऊपणाच्या खुणा, श्वासाच्या जागा एवढं पानावर असलं की पुरे. रचनेबद्दल टिपण मागितलं तर त्यात ‘हे संगीत निसर्गाचं सौंदर्य व्यक्त करतं’ छाप वाक्य नको. ‘सुरुवातीचे तीन स्वर शेवटी चेलो उलट्या क्रमाने वाजवतो’ असं लिहिलंत तर परीक्षक तो चेलो शोधत ऐकतात.

निकालानंतर शेरे मिळतात का ते जरूर विचारा. अनेक ठिकाणी मागितल्याशिवाय देत नाहीत. शेरा झोंबला तरी रचना फेकू नका. तारीख घालून ती आवृत्ती वेगळी ठेवा, नव्या फाइलमध्ये दुरुस्त्या करा आणि पुन्हा त्याच वादकाकडे न्या. दुसऱ्या स्पर्धेला तीच रचना पाठवायची असेल तर ‘पूर्वी कुठे सादर वा पुरस्कृत न झालेली’ अशी अट आहे का, तेवढं आधी वाचून घ्या.