आरसे बसवले, पण मागचं दिसत नाही? असेटो कोर्साच्या मॉडमध्ये या चुका टाळा

इंजिनाचा आवाज अस्सल. डॅशबोर्डच्या प्लास्टिकची खरखर वेगळ्या टेक्स्चरने काढलेली. दरवाज्याच्या पट्टीवरचे स्क्रूसुद्धा जागच्या जागी. आणि आरशात? राखाडी चौकोन. असेटो कोर्सा या संगणकावरच्या कार-शर्यतीच्या गेमसाठी आपल्याकडच्या गाड्यांचे मॉड, म्हणजे घरी बनवून गेममध्ये टाकायच्या गाड्या, करणाऱ्या पोरांची कामं बघायला बसलं की हे हमखास दिसतं. आरसा शेवटच्या रात्री 'उरकायचा' असतो ना, म्हणून.

हा खेळ २०१४ च्या डिसेंबरात पूर्ण स्वरूपात आला. एवढी वर्षं झाली, तरी त्याच त्या चार-पाच चुकांवर आजही मेसेज येतात. बहुतेकांत गेमचा दोष नसतो, 'बग' नसतो आणि ग्राफिक्स कार्डाचा तर संबंधच नसतो. घोळ असतो तो नावात नाहीतर मॅपिंगमध्ये, म्हणजे चित्र काचेवर बसवण्यात.

आधी गेम आरसा कसा रंगवतो ते समजून घ्या. मूळ गेम प्रत्येक आरशासाठी वेगळा कॅमेरा लावत नाही. गाडीतून मागे बघणारं एकच रुंद चित्र तयार होतं आणि ते सगळ्या आरशांत वाटलं जातं. डाव्या आरशाला त्याचा डावीकडचा तुकडा, मधल्याला मधला, उजव्याला उजवा. कोणाला कुठला तुकडा मिळणार हे तुमचं यूव्ही ठरवतं, म्हणजे चित्राचा कुठला भाग कुठल्या पृष्ठभागावर बसणार त्याची मांडणी. आणि आरसा म्हणून कुठला मेश, म्हणजे मॉडेलमधला कुठला सुटा भाग, धरायचा, हे गेमला डेटा फोल्डरमधल्या मिरर्स.आयएनआय या फाइलीतून कळतं. तिथे मेशचं नाव लिहायचं असतं, आणि ते अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. झालं, एवढंच. यात न समजण्यासारखं काही नाही, पण वाचायला कोणाला वेळ असतो?

नाव एक, मेश दुसराच

याच चुकीपायी आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाने विंडोज नव्याने टाकलं होतं. गंमत नाही. जुनी मारुती ८०० करत होता, काम खरंच सुरेख. एका रात्री मेसेज आला, "दादा, डावा आरसा चालतो, उजवा मेलाय. गेम परत टाकला, ड्रायव्हर बदलला, विंडोज टाकलं. आता मदरबोर्ड असेल का?"

मी विचारलं, "नाव बघितलंस का?"

"नाव तेच आहे दादा, दहा वेळा बघितलं."

बघितलं होतं ते ब्लेंडरमध्ये, म्हणजे ज्यात मॉडेल बनवतात त्या सॉफ्टवेअरमध्ये. तिथे नाव बरोबरच होतं. पण त्याने उजव्या आरशाची काच आणि तिच्याभोवतीचं काळं प्लास्टिक एकाच ऑब्जेक्टमध्ये ठेवलेलं, दोन मटेरियल, म्हणजे पृष्ठभागाचे दोन प्रकार, देऊन. अशी वस्तू एफबीएक्स फाइल करून केएस-एडिटरमध्ये, म्हणजे या गेमच्या मॉडेल-एडिटरमध्ये, आणली की मटेरियलप्रमाणे तिचे तुकडे पडतात आणि प्रत्येकाच्या नावामागे _सब०, _सब१ अशी शेपटी लागते. आयएनआयमध्ये शेपटीविना नाव लिहिलेलं. त्या नावाचा मेशच उरला नव्हता, तर गेम रंगवणार काय! डाव्याची काच सुटी होती, म्हणून तो बिचारा चालत होता.

काच वेगळी केली, नाव जुळवलं, तर आता उजवी काच दिसेनाशीच झाली. ड्रायव्हरच्या जागेवरून बघितलं तर आरपार प्लास्टिकच्या आतली बाजू. बोनेटवरून बघितलं तर काच आहे! आता तो रडायच्या बेतात. कारण साधं होतं. साहेबांनी डावा आरसा कॉपी करून, एक्स अक्षावर वजा एकने उलटवून उजवा केला होता. असं केलं की पृष्ठभागाची तोंडं उलटी होऊ शकतात, आणि पाठमोरा पृष्ठभाग गेम काढतच नाही.

यावर माझी सवय सांगतो. आरशाच्या काचा मी कधीच कॉपी करत नाही. चार कोपऱ्यांचा एक तुकडा नव्याने घ्यायचा, जागेवर बसवायचा, कंट्रोल-ए दाबून स्केल आणि रोटेशन पक्कं करायचं. मग ब्लेंडरमधलं फेस ओरिएंटेशन, म्हणजे पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ते रंगाने दाखवणारी सोय, चालू करायचं. ड्रायव्हरच्या बाजूने लाल दिसलं नाही तर ठीक, दिसलं तर नॉर्मल्स, म्हणजे पृष्ठभागाची तोंडं, उलटी करा. कॉपी करणाऱ्यांना ब्लेंडर मागे .००१ चिकटवून देतं, तेही पुन्हा नावाच्याच भानगडीत पाडतं. आणि मिरर्स.आयएनआयमध्ये नाव टाइप करू नका. केएस-एडिटरच्या यादीत जे दिसतं ते तिथूनच उचला.

आपल्याकडच्या गाड्यांत हा घोळ जास्त होतो, कारण बरेचजण डावीकडे स्टिअरिंग असलेल्या परदेशी गाडीचं अख्खं इंटिरियर उलटवून स्टिअरिंग उजवीकडे आणतात. मग आरसे आंधळे होतात आणि स्पीडोमीटरचे आकडेही उलटे उमटतात. शॉर्टकटने वाचवलेली संध्याकाळ पुढचे दोन आठवडे खाते.

तिन्ही आरशांत तेच चित्र

ब्लेंडरने दिलेलं यूव्ही तसंच ठेवलं की प्रत्येक काच सगळं चित्र दाबून-चेपून दाखवते. मागची गाडी तिन्ही आरशांत सारखीच, जरा पापडासारखी. आरसा 'चालतो' म्हणून मुलं खूश होतात आणि मॉड वाटून मोकळी होतात. प्रत्येक काचेचा यूव्ही तुकडा आपापल्या जागी सरकवा, आणि काचेच्या लांबी-रुंदीचं प्रमाण यूव्हीतही राखा.

डावं उजवीकडे

ही खरी घातक चूक, कारण स्क्रीनशॉटमध्ये ती कळतच नाही. चित्र असतं, हलतं, सुंदर दिसतं. फक्त यूव्ही आडवं उलटं पडलेलं असतं, त्यामुळे ते आरशाचं प्रतिबिंब न राहता मागे लावलेल्या कॅमेऱ्यासारखं होतं. मागून उजवीकडून येणारा आरशात डावीकडे दिसतो. एका शर्यतीत मोंझा ट्रॅकच्या पहिल्या शिकेनला, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट वळणांना, मला एकाने असाच ठोकला. तो शपथेवर सांगत होता की आरशात मी दुसऱ्या बाजूला होतो. खरंच होतो, त्याच्या आरशात. भांडण माझ्याशी नाही, मॉड करणाऱ्याशी करायचं होतं.

तपासायची पद्धत अगदी साधी. मागे काहीतरी लिहिलेलं हवं. पिटमधली पाटी, जाहिरातीचा फलक, काहीही. आरशात अक्षरं उलटी दिसली पाहिजेत. रुग्णवाहिकेच्या पुढच्या तोंडावर नाव उलटं का लिहितात, तर पुढच्याला आरशात ते सुलटं वाचता यावं म्हणून. तुमच्या आरशात जाहिरातीचा फलक सरळ, छान वाचता येत असेल तर समजा चुकलंय. यूव्ही एक्स दिशेने वजा एकने स्केल करा आणि परत बघा. तोच तुकडा त्याच जागेवर उलटवायचा आहे. तीन तुकडे एकत्र निवडून उलटवलेत तर डाव्या-उजव्याची अदलाबदल होते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझी शेवटची चाचणी हॉटलॅपमध्ये, म्हणजे एकट्याने वेळ लावायच्या फेरीत, नसतेच, तिथे मागे येणार कोण? छोटी शर्यत लावतो, स्वतः पहिल्या जागेवर, मागे एआयच्या, म्हणजे गेम स्वतः चालवतो त्या, गाड्या. सुरुवातीला मुद्दाम हळू सुटायचं आणि एकेक गाडी कुठल्या बाजूने येते ते आरशात बघून मान वळवून ताडायचं.

बाकीचे किरकोळ

आरशात नुसता रस्ता किंवा नुसतं आभाळ: कार.आयएनआयमधल्या ग्राफिक्स विभागात मिरर_पोझिशन बघा. आकडे मीटरमध्ये असतात, आडवं, उंची आणि पुढे-मागे या क्रमाने. दुसऱ्या गाडीची फाइल उचललीत की हे आकडेही तिच्याच मापाचे येतात.

बदल केला तरी काही फरक नाही: फोल्डरमध्ये जुनी डेटा.एसीडी, म्हणजे डेटा फोल्डर पॅक करून बनलेली फाइल, तशीच पडलेली असते. डेटा सुटा केल्यावर तिचं नाव बदला किंवा ती हलवा.

आरसे धूसर: आधी स्वतःच्या व्हिडिओ सेटिंगमधलं आरशाचं रेझोल्यूशन बघा, मग मॉडला नावं ठेवा.

आरशाच्या काचेला खिडकीच्या काचेचा शेडर (पृष्ठभाग कसा रंगवायचा ते ठरवणारा प्रोग्राम): का? ती काच आहे म्हणून? साधा केएस-पर-पिक्सेल द्या.

एफ११ दाबून वर येणारा आभासी आरसा चालतो म्हणून गाडीतले आरसेही बरोबर आहेत असं धरून चालू नका. त्याला तुमच्या मेशशी काही देणंघेणं नाही.

'सीएसपी टाकलं की होतं'

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. सीएसपी म्हणजे कस्टम शेडर्स पॅच, गेमचं चित्रण सुधारणारी जोड. त्यातले रिअल मिरर्स उत्तम आहेत, वादच नाही. प्रत्येक आरशाला स्वतःचं चित्र मिळतं, गाडीत बसून कोन आणि फिल्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे आरशात किती रुंद दिसावं ते, बदलता येतं. पण काच प्लास्टिकला चिकटलेली आणि तोंड पाठीमागे असेल, तर पॅचने काय करायचं? पाया कच्चा ठेवून वर रंग मारणारे नवशिके याच्याच भरवशावर असतात. शिवाय प्रत्येक आरसा म्हणजे मागचं दृश्य आणखी एकदा रंगवणं. तुमच्या भारी मशीनवर ते जाणवणार नाही, पण ज्याच्याकडे जुनं कार्ड आहे त्याच्या गाडीला भर वळणात धक्के बसतात. म्हणून आधी पॅच बंद करून मूळ आरसे नीट करा, मग चालू करून कोन लावा. आणि फिल्ड ऑफ व्ह्यू वाढवताना हात आखडता घ्या. फार रुंद केलं की मागची गाडी आहे त्याहून लांब वाटते, आणि तुम्ही निवांत लाइन बदलता.

आणखी एक हौस. जुन्या स्वस्त गाडीला दोन्ही बाजूंनी झकास आरसे लावायची. २००९ ची बेसिक नॅनो आठवून बघा, तिला फक्त ड्रायव्हरच्या बाजूला आरसा होता. आधी खऱ्या गाडीचे फोटो बघा. कधी कधी निम्मं काम तिथेच वाचतं.

आरसे दुरुस्त करून मॉड पुन्हा वाटताना दोन गोष्टी. फोल्डरचं नाव बदलायचं असेल तर डेटा पॅक करायच्या आधी बदला, कारण डेटा.एसीडीचं कुलूप फोल्डरच्या नावावरूनच बनतं. नंतर नाव बदललंत तर गाडी उघडणारच नाही. आणि डेटात एक अक्षर बदललं तरी ऑनलाइन सर्व्हरवर चेकसम, म्हणजे सगळ्यांची फाइल एकच आहे का ते ताडणारा आकडा, जुळत नाही. निम्म्या लोकांकडे जुनी आवृत्ती आणि निम्म्यांकडे नवी असेल, तर रविवारच्या शर्यतीआधी गाडी एकाच वेळी सगळ्यांना पाठवा, शनिवारी रात्री दीड वाजता नव्हे.