शाळेत मुलाच्या अंगावर वारंवार पुरळ उठतं तेव्हा काय करावं

तातडीचं आधी. पुरळासोबत ओठ-डोळे सुजले, आवाज बसला, दम लागला किंवा उलट्या सुरू झाल्या तर १०८ ला फोन. काचेचा पेला दाबूनही फिके न पडणारे जांभळट ठिपके दिसले तर लगेच रुग्णालय. पुरळासोबत नुसता ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

बाकी पुरळांना वेळ आहे, आणि तो वेळ "आज डब्यात काय होतं?" विचारण्यात घालवू नका. आधी प्रकार ठरवा. मागचे दोन तास तपासायचे की मागचे तीन दिवस, हे त्यावरच अवलंबून असतं.

त्यासाठी बॉलपेन पुरे. एका चट्ट्याच्या कडेकडेने रेघ ओढा, बाजूला वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहा. रेघेच्या आतली कातडी पूर्ववत झाली आणि चट्टे भलतीकडेच उठले, तर ते पित्त, म्हणजे गांधी. इथे शेवटचे दोन तास तपासा: खाणं, औषध, किडा, पीटीचा घाम, गार पाणी. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत सकाळच्या शाळेला फक्त उघड्या हातापायांवर गांधी येत असतील तर संशय थंडीवरच घ्या; अशा मुलाला गार पट्टी लावायची नाही. सर्दी-तापानंतरही गांधी उठतात. पुष्कळदा कारण सापडतच नाही. म्हणून मुलाचं अंडं, दूध, शेंगदाणे एकेक करून बंद करत सुटू नका.

चट्टा रेघेतच राहिला, खरखरीत झाला किंवा त्यातून पाणी सुटलं, तर कातडीला काहीतरी लागत असण्याची शक्यता मोठी. ही अ‍ॅलर्जी बहुधा एक ते तीन दिवसांनी उठते. बुधवारच्या पुरळाचं कारण सोमवारी शोधायचं, आणि नेमकं तिथेच सगळे चुकतात. जागा बरंच सांगते. बेंबीखाली असेल तर पट्ट्याचं बक्कल, मानेभोवती ओळखपत्राची दोरी, पावलांवर बूट. चेहरा, मान आणि कोपराच्या खळग्यात असेल तर मैदानाच्या कडेचं गाजर गवत. ते फुलण्याआधी मोठ्यांनी हातमोजे घालून उपटावं. श्रमदानाच्या नावाखाली मुलांना त्यात उतरवणं बंद करा.

खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर बारीक फोड आहेत, घरात आणखी कुणी खाजवतंय? मग खरूज. डॉक्टरांनी दिलेलं ५ टक्के पर्मेथ्रिन मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेखाली सर्वांगाला लावायचं, आठवड्याने पुन्हा. एकट्या मुलाला लावलं की खरूज परत येते आणि "कारणच सापडत नाही" असं म्हटलं जातं. उपचारानंतरही खाज दोन-तीन आठवडे रेंगाळते. म्हणून रोज मलम चोपडू नका.

गोल, कडा उंच, मध्ये साफ असा चट्टा म्हणजे बहुधा गजकर्ण, बुरशीचा संसर्ग. मेडिकलमधून विचारून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब लावली की लाली उतरते, बुरशी मात्र पसरत राहते आणि पुढे डॉक्टरांनाही ओळखणं कठीण जातं.

वहीत तारीख, वेळ, जागा, रेघेचा निकाल लिहा. द्राक्षपट्ट्यातल्या शाळांनी आसपासच्या फवारणीचा दिवसही लिहावा. फोटो खिडकीच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून, आमसुलाचं पाणी लावण्याआधी काढा. तो फक्त पालकांना पाठवा, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कदापि नाही. दिवाळीच्या सुट्टीतली नोंद पालकांकडून घ्या: सुट्टीत गेलेलं आणि शाळा भरताच परतलेलं पुरळ शाळेतल्याच वस्तूकडे बोट दाखवतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा वही दाखवा. त्वचारोग त्यांच्या तपासणीत असतात. पथक यायला अवकाश असेल तर जिल्हा रुग्णालय किंवा त्वचारोगतज्ज्ञ गाठा. पन्नास-साठ पदार्थांची रक्ततपासणी स्वतःहून करू नका. त्यात "पॉझिटिव्ह" आलेले पदार्थ मूल अनेकदा मजेत पचवत असतं. लागणाऱ्या वस्तूचा संशय असेल तर पॅच टेस्टबद्दल, म्हणजे संशयित पदार्थ पट्ट्यांनी पाठीवर चिकटवून पाहायच्या तपासणीबद्दल, विचारा. त्या पट्ट्या दोन दिवस भिजू द्यायच्या नसतात, तेव्हा त्या आठवड्यात मुलाला पीटीतून सूट द्या.