प्रभात रोडला जुना फ्लॅट घेताय? आधी सह्या मोजा

पुण्यातल्या प्रभात रोड, भांडारकर रोड, मॉडेल कॉलनी या पट्ट्यात मोकळा प्लॉट उरलेला नाही. नव्या इमारतीचा दर झेपत नाही, म्हणून बहुतेक जण रिसेलकडे वळतात. मी स्वतःसाठी एक आणि नातलगांसाठी चार असे व्यवहार पार पाडले आहेत. बजेट, कर्ज आणि दलाली तुम्ही ठरवलीत असं धरून चालते.

घर दोनदा बघा, त्यातलं एकदा भर पावसात. रविवारी सकाळी बुचाच्या सावलीतली कुठलीही गल्ली सुंदरच दिसते. जुलैमध्ये गच्चीवर जा. पानांनी पन्हाळी तुंबलेली असेल तर खालच्या भिंतीची ओल रंगानं जाणार नाही. खिडकीत आलेली फांदी ‘नंतर छाटू’ असं मनात धरू नका. १९७५ च्या वृक्षसंवर्धन कायद्यामुळे त्यासाठी महापालिकेची परवानगी काढावी लागते.

मग विचारा, सोसायटी आहे की अपार्टमेंट? पुण्यात १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची अपार्टमेंट भरपूर आहेत, म्हणजे प्रत्येक फ्लॅटमालकाचा जमिनीत थेट हिस्सा असतो. तिथे इमारतीचं नोंदलेलं घोषणापत्र आणि त्या फ्लॅटचं अपार्टमेंट डीड, म्हणजे मालकीचा दस्त, बघा. सोसायटी असेल तर मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डवर) जमीन कोणाच्या नावावर आहे ते बघा. अजून जुन्या मालकाचं नाव असेल तर अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, बाकी आहे. पुनर्विकासाची स्वप्नं दाखवणाऱ्यांना आधी त्याबद्दल विचारा.

आता सह्या. इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे.

या गल्ल्यांतल्या बऱ्याच घरांचे मूळ मालक आता हयात नाहीत. मुलं पांगलेली असतात. व्यवहाराला समोर येतो तो पुण्यात राहिलेला मुलगा. त्याच्या हातात सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट असतं आणि त्यावर त्याचंच नाव असतं. मी ते बघून पाच लाख विसार दिला. खरेदीखताचा मसुदा करताना वकिलांना कळलं की ते नाव फक्त नॉमिनी म्हणून लागलं होतं. नागपूरला एक बहीण होती. आईचं घर विकलं जातंय हे तिला माझ्या वकिलांच्या फोनमुळे कळलं. ती भांडखोर मुळीच नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. ते दुखणं निवळून तिची सही व्हायला नऊ महिने गेले आणि तोवर माझे पैसे अडकले.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मनात पक्कं करा. सोसायटी नॉमिनीशी व्यवहार करते ती तिच्या सोयीसाठी. मालकी वारसांचीच असते. हिंदू कुटुंबात मृत्युपत्र न करता वडील गेले असतील तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं वडिलांची आई हयात असल्यास ती, पत्नी, मुलगे आणि मुली सगळ्यांना हिस्सा मिळतो. मुलीचं लग्न झालंय की नाही याचा काही संबंध नाही. आधी वारलेल्या मुलाची बायको-मुलंही त्यात येतात.

म्हणून विसाराच्या आधी, नंतर नाही, मूळ करारनामा आणि सूची दोन (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा, इंडेक्स टू) मागा. त्यावर ज्यांची नावं आहेत त्यातलं कोण हयात नाही ते विचारा आणि वंशावळ प्रतिज्ञापत्रावर घ्या. मग शेजारच्या काकूंकडे चहाला बसा आणि ‘यांना भावंडं किती?’ हे सहज विचारा. दोन्ही उत्तरं जुळली पाहिजेत. प्रत्येक वारसानं खरेदीखतात ‘लिहून देणार’, म्हणजे विकणारा, म्हणून सही करावी, नाहीतर आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा होकार चालणार नाही. मृत्युपत्र असलं तरी बाकीच्या वारसांची खरेदीखतात ‘मान्यता देणार’ म्हणून सही घ्याच.

‘पेपरात जाहीर नोटीस देऊ, कुणी आलं नाही की झालं’ हा सल्ला मला दरवेळी मिळतो. नोटीस जरूर द्या, पण तेवढ्यानं न कळलेल्या बहिणीचा हक्क संपत नाही. ‘इंडेम्निटी बाँड घेऊ’, म्हणजे नुकसान झालं तर विकणारा भरून देईल असं लिहून घेऊ, हे त्याहून वाईट. त्या बाँडवर पैसे वसूल करायला पुन्हा कोर्टातच जावं लागतं, आणि घराचा वाद तर तसाच राहतो.

एखादा वारस परदेशात असेल तर त्याचं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित झालेलं किंवा अपोस्टिल केलेलं, म्हणजे तिथल्या सरकारनं प्रमाणित केलेलं, हवं. ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. नोंदणीच्या दिवशी सकाळी त्या माणसाशी व्हिडिओवर बोला. देणारा वारला की ते पत्रही संपतं. वय झालेल्या वारसांच्या बाबतीत ही भीती खरी असते.

पुढचं सोपं आहे. मुद्रांक शुल्क ७ टक्के, फक्त महिलांच्या नावावर घेतलंत तर ६. नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याचा आयकर) कापून भरा. विकणारा अनिवासी असेल तर दर बराच जास्त असतो, म्हणून आधी सीएला गाठा. सोसायटी हस्तांतर शुल्क म्हणून २५,००० च्या वर मागत असेल तर देऊ नका.

ताबा मिळाला की वीजबिलावर आणि मिळकतकरावर नाव लावा. स्वतः राहणार असाल तर महापालिकेत पीटी-३ अर्ज भरा, म्हणजे करातली ४० टक्के सवलत लागू होईल.