अरलला जायचंय? आधी मीठ मोजायला शिका

शिरगावला मत्स्यविज्ञानाची पदवी घेतली आणि पुढच्या शिक्षणात प्रकल्प मिळाला तो थेट कझाकस्तानातल्या अरल समुद्राचा. मी मासे ओळखायची पुस्तकं, मोजपट्टी, वजनकाटा असं सगळं भरून नेलं आणि पहिल्याच अहवालात तोंडावर आपटलो.

जुन्या नोंदींत २००५ नंतर कम्बाला घसरलेला दिसत होता. कम्बाला म्हणजे आपल्या लेपीचा चपटा भाऊबंद. मी बेधडक लिहून टाकलं, मासळी घटली, समुद्र आजारी. मार्गदर्शक हसायलाच लागले. म्हणाले, "अहो, समुद्र बरा होतोय म्हणून तो घटला!"

झालं होतं असं. १९६० नंतर अरलला पाणी देणाऱ्या अमू आणि सिर या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळलं. त्याआधी वर्षाला सुमारे ४०,००० टन मासळी निघायची. लिटरमागे १० ग्रॅमच्या आसपास असलेलं मीठ ३० पर्यंत चढलं. मोठे मासे कसेबसे तग धरतात, पण अंडी आणि पिल्लं आधी मरतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मासेमारी आटोपली. मग अझोव्ह समुद्रातून आणलेला खाऱ्या पाण्याचा कम्बाला तेवढा टिकला. २००५ मध्ये कोक-अरल बांध झाला, सिरचं पाणी उत्तर भागात अडलं, खारटपणा उतरला. सुदाक हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा परतला, सजान (आपला सायप्रिनस, म्हणजे कार्प!) परतला, आणि कम्बालाचे दिवस भरले. दक्षिणेकडे मात्र उरलेल्या पाण्यात मासा नाही, आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातला इवलासा जीव आहे. आपल्या कोळंबीच्या हॅचरीत पिल्लांना घालतात तोच.

म्हणून सांगतो, जलविज्ञान आणि सिंचनाचा एखादा विषय घ्याच. मी 'ते इंजिनिअरांचं' म्हणून टाळला होता. रशियन बोलता नाही आलं तरी चालेल, पण लिपी वाचता यायला हवी. जुनी वह्या-रजिस्टरं सगळी त्याच लिपीत.

खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर कोळंबीच्या तळ्यावर वापरतो तोच चालतो. काचेवर थेंब, उजेडाकडे धरा, निळी-पांढरी रेषा वाचा. हिवाळ्यात कोळी बर्फाला भोकं पाडून खालून जाळं सरकवतात, नमुना तिथूनच मिळतो. तो जागेवरच मोजा. मी चहा घेत गप्पा मारत बसलो, तोवर बाटलीत वरती बर्फ धरला. बर्फ मीठ घेत नाही, ते खालच्या पाण्यात राहतं. आकडा भलताच चढा आला आणि मी दोन दिवस समुद्र पुन्हा खारवला म्हणून हिंडत होतो.