पिकअपचं वितळलेलं बटण

रावेरहून केळी भरून पहाटे निघायचं, थंडीत तापीकाठी धुकं. म्हणून पिकअपला 55 वॅटचे दोन फॉगलॅम्प लावून घेतले. वायरमनने बॅटरीची वायर थेट डॅशबोर्डच्या बटणातून नेली. आठवड्याभरात बटण गरम लागायला लागलं, मग जळका वास. उघडलं तर प्लास्टिक वितळलेलं, पत्ती काळी ठिक्कर. 110 वॅट भागिले 12 व्होल्ट, म्हणजे 9 अँपिअरच्या वर. त्या चिमुकल्या बटणाचं ते काम नव्हतंच.

जळगावहून चार पिनांचा 30 अँपिअरचा रिले आणला, म्हणजे बटणाच्या थोड्याशा करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. आधी बॅटरीचा मायनस काढला. रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला बॅटरीचा प्लस, 15 अँपिअरच्या फ्यूजमधून. फ्यूज बॅटरीपासून वीतभरावरच ठेवला, कारण फ्यूजच्या अलीकडे वायर घासून बॉडीला टेकली तर तिला वाचवणारं काही नाही. 87 वरून दिव्यांना अडीच एमएमची वायर, 86 ला बटणातून सप्लाय, 85 बॉडीला. आता बटणातून फक्त रिलेच्या आतल्या कॉइलचा करंट, पाव अँपिअरही नाही.

तरी एक दिवा मंदच. अर्धा तास बिचाऱ्या रिलेला शिव्या घातल्या! खरं तर त्या दिव्याच्या अर्थिंगचा बोल्ट रंगावरच कसला होता, बॉडीच्या पत्र्याला नीट टेकतच नव्हता. कानशीने रंग खरवडला, बोल्ट आवळला. दोन्ही दिवे सारखे.