भर घातलेला किनारा दोन काठ्यांनी कसा मोजावा

किनाऱ्यावर वाळूची भर घालून झाली, की ती जाते कुठे हे पाहणं सगळ्यात महत्त्वाचं. मी त्यासाठी सागरी भूवैज्ञानिक के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये मांडलेली रीत वापरते.

सारख्या उंचीच्या, सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन काठ्या घ्या. ओहोटीला, वाळूच्या टेकडीमागच्या पक्क्या खुणेपाशी एक उभी धरा, दुसरी दोन मीटर समुद्राकडे. मागच्या काठीपाशी डोळा खाली-वर करा. पुढच्या काठीचं टोक क्षितिजाच्या रेषेत आलं, की मागच्या काठीवरची खूण वाचा. टोकापासून जितकं खाली, तितका उतार. चढ असेल तर मागच्या टोकावरून क्षितिज पाहून पुढच्या काठीवर वाचायचं. मग मागची काठी पुढच्या काठीच्या जागी आणा, पुढची आणखी दोन मीटर पुढे न्या, आणि असं पाण्यापर्यंत मोजत जा. काठी रुतली तर हिशेब बिघडतो, म्हणून मी बुडाला चकती लावते.

दर महिन्याला त्याच रेषेवर मोजा. वादळाआधी आणि नंतर तर नक्कीच. सुरुवातीला कोरडा किनारा अरुंद झाला तर घाबरू नका. लाटा बरीच वाळू पाण्याखालच्या उतारावर पसरवतात, आणि तिथेही ती लाटांचा जोर मोडतेच. टेकडीचा पायथा मागे सरकला, तर मात्र आकडे घेऊन लगेच नगरपालिकेत जा.